बाटलीच्या पोटातली चिठ्ठी

मागच्या रांगेला ऐकू येतंय ना? बरं. ही माझ्या हातातली बाटली बघा, खाली चिखल, चिखलात किडे, वर अल्कोहोल, लेबल नाही. नक्की कुठल्या जागेचा चिखल, सांगा? नाही सांगता येणार. मलाही नाही येत, आणि ही मीच भरलीय.

एमेस्सीला असताना रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवरच्या पुलाजवळ ओहोटीला आम्ही चौदा बाटल्या भरल्या, परमनंट मार्करने झकास अक्षरात नंबर टाकले आणि पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. एका बाटलीचं झाकण सैल होतं. उतरेपर्यंत पिशवीत अल्कोहोलचं तळं, बाटल्या कोऱ्या करकरीत आणि नंबर सगळे माझ्या पँटवर! मार्कर पाण्याला परमनंट असतो हो, अल्कोहोलला नाही, त्याची शाईच बहुतेक वेळा अल्कोहोलात कालवलेली असते.

मग लिहायचं कशाने? पेन्सिलीने. हसू नका. पेन्सिलीत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, ते ना पाण्यात विरघळतं, ना अल्कोहोलात, ना फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे सँपल टिकवायच्या त्या दुसऱ्या द्रवात. वहीचा कागद आत लगदा होतो, म्हणून ट्रेसिंग पेपर किंवा वॉटरप्रूफ कागद घ्या, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, सँपलसोबत. बाहेरचं लेबल हवंच, पण ते घरूनच कोरड्या बाटलीवर चिकटवून न्या, खाऱ्या चिखलाच्या हातांनी खाडीत उभं राहून काही चिकटत नाही. मशिनवर छापलेलं थर्मल लेबल छान दिसतं, पण एसटीचं तिकीट खिशात राहिलं की महिन्याभरात काय उरतं त्यावर? तेच.

आणि झाकणावर लिहू नका. घरी दोन बरण्या एकदम धुतल्या की मेतकुटाचं झाकण मसाल्यावर बसतं ना, लॅबमध्ये तर एका वेळी चाळीस झाकणं उघडी असतात.

आता काय लिहायचं. नुसता नंबर नको, वही हरवली की नंबर मेला. जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कोणी घेतलं, आणि कशात ठेवलंय तेही, कारण फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो, ते माहीत नसेल तर पुढे कोणीतरी त्यातून डीएनए काढायला महिना घालवेल आणि तुम्हाला शिव्या देईल. तारखेत महिना अक्षरात लिहा. 9/6 म्हणजे 9 जून की 6 सप्टेंबर? आपल्याकडे यात अख्खा पावसाळा जातो, जूनच्या सुरुवातीला खाडी खारी असते, सप्टेंबरात तेच पाणी नदीच्या पुराने गोडं झालेलं असतं, आणि तुम्ही म्हणणार की किडे का बदलले!

फ्रीझरचं थोडक्यात सांगतो: साधे स्टिकर तिथे गळून तळाशी ढीग होतो, कडक थंडीतही चिकटून राहणारी क्रायो लेबलच घ्या, महाग आहेत, माहितीय.

हां, त्या चौदातली एक वाचली. ज्युनिअर मुलगी होती सोबत, तिने एकाच बाटलीत चिठ्ठी टाकली होती, ती पण वहीत लिहायचा कंटाळा आला म्हणून. अजून वाचता येते: ‘पुलाच्या डावीकडे, चिखल गुडघ्यापर्यंत, सरांची चप्पल गेली’.