लालबागची खोली, डोंबिवलीची लोकल

(चाळीची गॅलरी, सकाळ)

साताऱ्याहून आलेली ही मुलगी. पुढच्या महिन्यात लोअर परळला नोकरीवर रुजू व्हायचंय. पर्समध्ये आईची शिवणकामाची टेप आहे. लालबागच्या या चाळीत ती खोली मोजतेय. दहा बाय बारा, मोरी धरून. संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. पाणी पहाटे येतं, म्हणून दाराशी हे निळं पिंप. वहीत ती लिहिते : भाडं 14 हजार. डिपॉझिट वेगळं, दलालाला एक महिन्याचं भाडं. पुढच्या रकान्यात, ऑफिस चालत वीस मिनिटं.

(काचेचा टॉवर, शेजारी गिरणीची चिमणी)

ही चिमणी नीट बघा. तिच्या भोवतीच्या गिरण्यांमध्ये भोंगा झाला की कामगार घरून चालत निघायचा. 1920च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची, पण भाड्याची आणि कामाच्या जवळ. 18 जानेवारी 1982ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. 1991च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली आणि म्हाडाच्या हाती तुकडे आले. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. जिथे परवडणारी घरं व्हायला हवी होती, तिथे हे टॉवर आहेत. या मुलीला परवडणारी खोली इथे मिळत नाही, त्याची सुरुवात इथे आहे.

(डोंबिवली पूर्व, जिना)

दुपारी डोंबिवली. वन आरके, स्वतंत्र संडास, खिडकीत ऊन. भाडं 9 हजार. मालक अकरा महिन्यांचा करार साध्या कागदावर करू म्हणतात. ती नोंदणीचा आग्रह धरते, आणि ते बरोबरच आहे. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. महिन्याला पाच हजार वाचतात. वहीत या खोलीखाली ती दोनदा रेघ मारते.

(प्लॅटफॉर्म, सोमवार, 7.52)

तरी निर्णयाआधी तिने एक गोष्ट केली, ती प्रत्येकाने करावी. रविवारी पाहिलेल्या घरातून सोमवारी ऑफिसच्या वेळेला निघाली. पहिली लोकल सोडली. दुसरीही. काही बायका कल्याणला उलट जाऊन बसून आल्यात, त्यांची जागा ठरलेली. तिसऱ्या गाडीत ती चढते. ओढणी दारात अडकते, मागची बाई ती सोडवून देते.

(डब्याच्या आतून)

9 जून 2025ला याच मार्गावर, मुंब्र्याजवळ, गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडले. काहींचा जीव गेला.

(करी रोड स्टेशन, पूल)

घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत एक तास पन्नास मिनिटं. परतीचे तेवढेच. वहीत ती नवा रकाना आखते, 'दारापासून दारापर्यंत', आणि आकडा लिहून रस्ता ओलांडते. पुलाखालच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे म्हणतात. चौथा मजला, लिफ्ट नाही. टेप तिच्या हातातच आहे.