केसपेपरच्या खिडकीवरचा क्यूआर कोड

(दृश्य: सरकारी रुग्णालय, सकाळची ओपीडी. केसपेपरची रांग.)

नाव काय? वय? गाव? खिडकीच्या जाळीतून गोंगाटात उत्तर जातं आणि सुमनची सुमती होते.

(दृश्य: काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड.)

आभा म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदींचं डिजिटल खातं. हा कोड आभा अ‍ॅपमधून स्कॅन करायचा आणि 'शेअर' दाबायचं. नाव, लिंग, जन्मतारीख, पत्ता आणि १४ अंकी आभा क्रमांक आतल्या संगणकावर उतरतो, मोबाइलवर टोकन येतं. जुने रिपोर्ट यातून जात नाहीत, जाते ती फक्त ओळख. आभा ज्याचा भाग आहे, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ रोजी. आणि हो, आभा म्हणजे ५ लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. रांगेत हा घोळ नेहमीचा.

(दृश्य: नोंदणीचं टेबल. आजींचे हात, शेजारी मुलगा.)

आजींचं आभा खातं काढायचं आहे. आधार क्रमांक टाकला. सहा आकडी ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच जातो. पडद्यावर त्या नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात, ते आधी मोठ्याने वाचून दाखवावेत. सिम कधीच बंद पडलेलं असेल, तर कितीही वेळा 'पुन्हा पाठवा' दाबलं तरी काही येणार नाही. मग बोटाचा ठसा. शेतात, भांड्यांत झिजलेल्या रेषा मशीनला सापडत नाहीत. बोट पुसायचं, काच पुसायची, दुसरं बोट लावायचं.

पुढचा चौकोन साधा दिसतो, घोटाळा तिथेच होतो. संपर्कासाठी मोबाइल नंबर विचारतात. तो आधारच्या नंबरहून वेगळा चालतो, त्याला वेगळा ओटीपी येतो. घाईत तिथे मुलाचा नंबर पडतो, शेजाऱ्याचा पडतो, कधी टेबलावरच्या ऑपरेटरचासुद्धा. ओटीपी आला म्हणजे तो फोन कुणाच्या तरी हातात आहे, एवढंच सिद्ध होतं. पुढे त्याच फोनवरून आजींचं खातं उघडता येतं.

खिडकीवरही तेच. मुलाने स्वतःच्या खात्यातून कोड स्कॅन केला, तर केसपेपर मुलाच्या नावाने निघतो. आईची साखर मुलाच्या खात्यात जाते, आणि औषध त्यावरून ठरू शकतं.

(दृश्य: मोबाइलवर संमतीचा पडदा.)

रिपोर्ट ज्या रुग्णालयात तयार झाले, तिथल्याच नोंदींत राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना हवे असतील, तर ही विनंती येते. कशासाठी, कोणत्या प्रकारची कागदपत्रं, कोणत्या तारखेपासूनची, कधीपर्यंत बघायची, सगळं यात लिहिलेलं असतं. तारखा कमी करता येतात. औषधांची चिठ्ठी द्या, डिस्चार्ज कार्ड नको, असंही चालतं. दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते. लोक मात्र सरळ खाली जाऊन 'मंजूर' दाबतात.

(दृश्य: डॉक्टरांचं दार. सिस्टरच्या हातात टोकनची यादी.)

यादीत नाव समोर आहे, तरी सिस्टर ते उच्चारत नाहीत. 'तुम्ही सुमनबाई ना?' म्हटलं, तर कमी ऐकू येणारं माणूस कशालाही मान डोलावतं.

'आजी, पूर्ण नाव सांगा. आणि जन्मसाल?'