रू द वारेन, क्रमांक 57

(दृश्य: पॅरिस, सकाळ. दगडी भिंत, मोठं प्रवेशद्वार, पहाऱ्यावरचे शिपाई.)

हा पॅरिसमधला रू द वारेन. 57 क्रमांकाच्या या दरवाज्याआड फ्रान्सचे पंतप्रधान राहतात आणि कामही करतात. वास्तूचं नाव ओतेल मातिन्यों. नावात 'ओतेल' असलं तरी इथे खोली भाड्याने मिळत नाही. हा जुन्या सरदारांचा वाडा. बांधकाम सुरू झालं 1722 च्या सुमारास. सरकारप्रमुख मात्र इथे आले थेट 1935 साली.

मग तोवर ते बसायचे कुठे?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसंच काहीसं. 1875 च्या घटनात्मक कायद्यांत या पदाचा उल्लेखच नव्हता. पण गाडा हाकायला कुणीतरी लागतोच. त्याला म्हणायचे मंत्रिमंडळाचा अध्यक्ष. त्याला ना स्वतःची कचेरी, ना कारकून. म्हणून तो एखादं खातं स्वतःकडे ठेवायचा आणि त्याच खात्याच्या इमारतीतून देश चालवायचा. जॉर्ज क्लेमांसो 1906 मध्ये सरकारप्रमुख झाले ते गृहमंत्री असताना; कारभार गृहखात्यातून. 1917 मध्ये, ऐन पहिल्या महायुद्धात, ते परतले आणि युद्धखातं घेऊन बसले. माणूस तोच, पत्ता बदलला.

(दृश्य: 1936. कारखान्यांत ठाण मांडून बसलेले कामगार.)

नव्या पत्त्याला नाव मिळवून दिलं ते 7 जून 1936 च्या रात्रीने. लेओं ब्लुम यांनी सूत्रं हाती घेऊन जेमतेम तीन दिवस झाले होते आणि देशभर संप पेटला होता. मालक आणि कामगार संघटना, दोघांनाही ब्लुम यांनी याच वाड्यात समोरासमोर बसवलं. पगारवाढ ठरली 7 ते 15 टक्के. त्याच महिन्यात संसदेने 40 तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा मंजूर केली. फ्रेंच माणसासाठी 'मातिन्यों' हा शब्द तेव्हापासून निव्वळ इमारतीचा राहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राजवटीत, म्हणजे चौथ्या प्रजासत्ताकात, सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. बारा वर्षांत वीसहून अधिक.

(दृश्य: 1958. शार्ल द गोल.)

त्या व्यवस्थेचे शेवटचे सरकारप्रमुख होते द गोल. त्यांनी राज्यघटनाच नवी आणली, पदाला 'पंतप्रधान' हे नाव दिलं आणि स्वतः गेले राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात. 1959 च्या जानेवारीत मिशेल दब्रे पहिले पंतप्रधान झाले. आपल्याकडे मंत्रिमंडळाची बैठक पंतप्रधान घेतात. फ्रान्समध्ये अध्यक्षस्थानी राष्ट्राध्यक्ष बसतात. कागदावर 'सरकारच्या कामाची दिशा' पंतप्रधानांकडे. खरी मेख संसदेत आहे. बहुमत राष्ट्राध्यक्षांचं असेल, तर मातिन्योंत बसायचं ते त्यांच्या मर्जीने.

हे झाक शिराक यांच्याइतकं कुणी भोगलं नसेल. काम करायला लागणारी साधनं आपल्याकडे नाहीत, असं जाहीरपणे सांगून त्यांनी 1976 मध्ये पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. 1986 मध्ये ते पुन्हा आले, पण आता बहुमत त्यांचं होतं आणि राष्ट्राध्यक्ष होते विरोधी समाजवादी पक्षाचे फ्रान्स्वा मित्तराँ. खासगीकरणाच्या अध्यादेशांवर मित्तराँ यांनी सही करायला नकार दिला. शिराक यांनी तेच संसदेतून मंजूर करून घेतलं. एका म्यानात दोन तलवारी, त्याही दोन वर्षं!

(दृश्य: आजचं मातिन्यों.)

2024 च्या संसदेच्या निवडणुकीने बहुमत कुणालाच दिलं नाही. मग पंतप्रधान पडत गेले: मिशेल बार्निये अविश्वास ठरावात पडले, फ्रान्स्वा बायरू विश्वासमतात. 6 ऑक्टोबर 2025 रोजी सेबास्तियाँ लेकोर्न्यू यांनी राजीनामा दिला. मंत्र्यांची यादी जाहीर होऊन एक दिवसही झाला नव्हता. 10 तारखेला राष्ट्राध्यक्षांनी त्यांनाच पुन्हा नेमलं. दरवाजा तोच, 57 क्रमांकाचा.