खर्रा, पेशी आणि थोडासा प्रकाश

नागपुरात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो. वर्षानुवर्षं तो खाणाऱ्याचं तोंड आखडत जातं. पुढे पुढे दोन बोटंही आत जात नाहीत. त्यातल्या काहींना कर्करोग गाठतो. दोष एकट्या तंबाखूचा नाही, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे.

शस्त्रक्रियेत काढलेल्या अशाच एका गाठीचा तुकडा, रुग्णाच्या संमतीने, एका संशोधक बाईंच्या टेबलावर आलाय. त्याच्या पेशी सुट्या करून त्या जेलमध्ये, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या चिकट पदार्थात, मिसळतात. हे जेल बर्फावर पातळ राहतं, ३७ अंशांना घट्ट होतं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर असतो. पिपेटच्या टिप्ससुद्धा फ्रीजमधून काढूनच वापरायच्या.

जेलमध्ये पेशी वाढून इवलासा गोळा तयार होतो. हा ऑर्गनॉइड. २००९ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूलपेशीपासून असे गोळे वाढवले, आणि ही वाट खुली झाली. तोंडाच्या निरोगी अस्तराच्या गोळ्यात विभाजन होणाऱ्या पेशी कडेला असतात, आत केराटिन, म्हणजे नखांत असतं ते प्रथिन, साठतं. गाठीच्या गोळ्यात ही रचना विस्कटते. नेमकी कुठे, ते बघायचंय.

साध्या सूक्ष्मदर्शकात सगळे थर एकमेकांत मिसळून धूसर दिसतात. कन्फोकल सूक्ष्मदर्शकात लेसर बिंदू-बिंदूने फिरतो, फोकसबाहेरचा प्रकाश एका बारीक छिद्रापाशी अडतो. थरामागून थर टिपला जातो आणि संगणक त्यांचा अख्खा गोळा उभा करतो.

पण या पेशी जिवंत आहेत, आणि लेसर त्यांना इजा करतो. निळा प्रकाश जास्त, लाल त्या मानाने कमी. बघा, बाईंनी लेसर इतका उतरवलाय की चित्र खरखरीत झालंय. त्यांना तेच हवंय. या गोळ्यांवर औषधं तपासायची आहेत. चकचकीत चित्रापायी पेशी मेल्या, तर त्या औषधाने मेल्या की प्रकाशाने, हे कसं कळणार? या कामातली खरी कसोटी आम्हाला इथे दिसली. त्यात एसी चालू-बंद झाला की फोकस मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, सरकतो, मग पुन्हा जुळवा.

या गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशीही नाहीत. त्यामुळे इथला निकाल थेट रुग्णाच्या औषधाच्या चिठ्ठीवर उतरत नाही. तोंड आखडतं ते अस्तराखालच्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन हे चिवट प्रथिन साठवत जातात म्हणून. आता त्याच पेशी गोळ्यासोबत एकाच जेलमध्ये वाढवण्याची बाईंची खटपट चालू आहे.