झोळी आणि मठ

श्रोतेहो, नमस्कार.

माघ वद्य नवमी जवळ आली की सज्जनगडाच्या पायऱ्या माणसांनी फुलून जातात. शके 1603 मध्ये, म्हणजे 1682 साली, याच तिथीला समर्थ रामदासांनी गडावर देह ठेवला. दासनवमीला लोक समाधीचं दर्शन घेतात, प्रसाद घेतात, उरमोडीच्या खोऱ्याकडे डोळे भरून पाहतात आणि गड उतरतात. आज मला बोलायचं आहे ते समाधीमागे उभ्या असलेल्या मठाबद्दल. मठ म्हटलं की आपल्यापुढे दगडी वाडा, देवघर आणि गादी येते. समर्थांच्या मठांचा जीव मात्र झोळीत होता.

समर्थसंप्रदायात भिक्षा हा उपासनेचा भाग आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला एक अख्खा समास भिक्षेवर आहे. मठातल्या शिष्यानं रोज गावात निघायचं. दारापुढे उभं राहून ‘जय जय रघुवीर समर्थ’ असा खणखणीत पुकारा करायचा आणि मनाचा एखादा श्लोक म्हणायचा. मनाचे श्लोक 205. परंपरा असं सांगते की, भिक्षेला निघालेल्या शिष्यांच्या तोंडी असावेत म्हणूनच ते रचले गेले. ते म्हणून पाहा. चालता चालता म्हणायला इतकं सोपं वृत्त दुसरं सापडायचं नाही. घरातली बाई ओंजळभर धान्य घेऊन उंबऱ्याशी यायची, ते झोळीत पडायचं, आणि तेवढ्या वेळात तो श्लोक त्या घरात राहायचा. जिला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिला देवळातल्या पुराणाला बसायला सवड नव्हती, तिच्यापर्यंत धर्म असा उंबऱ्यावर पोचला.

झोळीचं काम एवढ्यावर संपत नाही. भिक्षेच्या निमित्तानं लहानथोरांची पारख करावी, असं समर्थ स्पष्ट सांगतात. कोणत्या घरात आजारपण आहे, कुणाचं पीक गेलं, कोणता पोरगा चुणचुणीत आहे, हे रोज दारात जाणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणून भिक्षेला मी मठाचं मुख्य काम मानतो. धान्य त्याच्या मागून येतं.

आता हे मठ चालवले कुणी? समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. सज्जनगडावर उरमोडीचं पाणी वाहून आणणारे कल्याण, शिवथरच्या घळीत दासबोध उतरवून घेणारे कल्याण. पुढे त्यांचा मठ परांडा तालुक्यात सीनेच्या काठी डोमगावला झाला, आणि त्यांच्या हातची दासबोधाची प्रत त्या मठानं जपली. पण मला आज जास्त सांगायचं आहे ते वेणाबाईंबद्दल.

वेणाबाई बालविधवा. सतराव्या शतकातल्या विधवेच्या वाट्याला काय यायचं, ते वेगळं सांगायला नको. समर्थांनी त्यांना अनुग्रह दिला, चारचौघांत उभं राहून कीर्तन करायची मोकळीक दिली आणि मिरजेचा मठ त्यांच्या हाती सोपवला. मठपती म्हणजे केवळ पूजा करणारा नव्हे. उत्सव, अन्नदान, शिष्यांची शिकवण, कीर्तन, गावाशी नातं, हे सगळं त्याच्या अंगावर असतं. एका बाईनं ते पेललं आणि ‘सीतास्वयंवर’सारखं काव्यही लिहिलं. त्यांची समाधी सज्जनगडावरच आहे. तिकडे समर्थांच्या दुसऱ्या शिष्या अक्काबाई यांनी चाफळचं राममंदिर आणि गड यांचा कारभार समर्थांच्या पश्चातही नेटानं सांभाळला. दासनवमीला गडावर जाल तेव्हा वेणाबाईंच्या समाधीपाशी चार क्षण थांबा. बरीच मंडळी घाईत तिथून पुढे निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मठांचं जाळं महाराष्ट्रापुरतं राहिलं नाही. भोसल्यांच्या तंजावरातही रामदासी मठ उभे राहिले. तमिळ मुलखात मराठी कीर्तन पोचलं आणि तिथल्या हरिकथेनं त्याचं वळण उचललं. आजही तिथले भागवतर, म्हणजे हरिकथा सांगणारे, कथा सांगताना साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी पद्यप्रकार गातात.

पुढे राज्यकर्त्यांकडून इनामं आली आणि मठांची संस्थानं झाली. समर्थांच्या थोरल्या बंधूंच्या वंशाकडे चाफळ-सज्जनगडाचा अधिकार गेला. इनामांमुळे उत्सव आणि अन्नछत्रं निर्वेध चालली, हे खरं. पण ज्याचं कोठार आधीच भरलेलं आहे त्याला रोज दारोदार जायची निकड उरत नाही. जिथे झोळी खुंटीला लागली तिथे मठ देवापुरता उरला, गावाचा राहिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच सज्जनगडाहून समर्थांच्या पादुका घेऊन आजही भिक्षादौरे निघतात, याचं मोल मला फार वाटतं. पादुका एखाद्या गावात येतात, रामदासी मंडळी घरोघर फिरतात, शाळेतली मुलं त्यांच्या मागून श्लोक म्हणत चालतात. गडावर रोज शेकडो पानं उठतात, त्यांत या दारांवरच्या मुठी आहेत.

मठांनी आणखी एक गोष्ट राखली, ती म्हणजे कागद. ठिकठिकाणच्या मठांत हस्तलिखितांची बाडं कापडात बांधून पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली होती. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, मठामठांतून फिरून ही बाडं गोळा केली आणि डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापून काढला. आपण आज जो दासबोध वाचतो, त्याच्यामागे हे श्रम आहेत. ते संकलन धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाचं घर जुन्या मठाच्या गावात असेल, कुणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांचं एखादं बाड फडक्यात बांधून ठेवलेलं असेल. ते वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका, पुण्य लागेल म्हणून नदीतही सोडू नका. आधी जाणकाराला दाखवा, आणि घरात सांभाळणं शक्य नसेल तर धुळ्याला किंवा जवळच्या हस्तलिखित संग्रहाला द्या. नमस्कार.