काळंकुट्ट इंग्रजीत कसं म्हणायचं?

नाशिकमध्ये विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, सुरुवात देवळालीपासून करतो. इंग्रजांच्या काळात तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई आणून ठेवत. मायदेशी नेणारं जहाज मिळेपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच असे. पण सैनिकांची जहाजं सुटायची ती थंडीच्या मोसमात. ज्याची मुदत ऐन वैशाखात संपली, त्याने पाच-सहा महिने करायचं काय? ना लढाई, ना काम. समोर माळ, डोक्यावर ऊन आणि घराची ओढ. त्या रिकामपणात काही जण भ्रमिष्टासारखे वागायला लागले. त्या अवस्थेला शिपायांनीच नाव दिलं, ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ‘टॅप’ गळून पडला, ‘डूलॅली’ राहिला. आजही इंग्लंडमध्ये एखाद्याचं डोकं फिरलं की ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणतात.

आता हा शब्द तुमच्यापैकी कुणी विसरेल असं मला वाटत नाही. मी तो पाठ करायला सांगितला नाही, स्पेलिंग सांगितलं नाही. तुम्हाला तो माळ दिसला, ते ऊन आठवलं. माझं आजचं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे. जिवंत शब्दामागे कुणाचं तरी जगणं असतं, आणि ते दिसलं की शब्द आपला होतो.

मी मराठी माध्यमात शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं २००० साली. पुढे बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, हजारो निबंध तपासले. त्या निबंधांत एक शब्द सतत भेटायचा : ‘व्हेरी’. व्हेरी बिग, व्हेरी हॅपी, व्हेरी अँग्री. सहलीला गेलो, व्हेरी हॅपी. आजी गेली, व्हेरी सॅड. आजीच्या जाण्याला एवढंच? हीच मुलं मधल्या सुट्टीत मराठीत बोलायची, तेव्हा कान टवकारून ऐकावं असं बोलायची.

कारण मराठी माणूस ‘खूप काळं’ म्हणून थांबत नाही, काळंकुट्ट म्हणतो. पांढरंशुभ्र, लालभडक, हिरवंगार, पिवळंधमक. प्रत्येक रंगाचा जोडीदार वेगळा, आणि लहान मूलसुद्धा ‘हिरवंभडक’ म्हणत नाही. इंग्रजीतही नेमकी हीच सोय आहे, पण आपल्याला ती कुणी दाखवलेली नसते. काळंकुट्ट म्हणजे ‘पिच-ब्लॅक’. पिच म्हणजे डांबर. कोरडंठाक म्हणजे ‘बोन-ड्राय’, हाडासारखं कोरडं. टक्क जागा, ‘वाइड अवेक’. गाढ झोपलेला, ‘फास्ट अस्लीप’. इथे फास्टचा वेगाशी संबंध नाही, त्याचा जुना अर्थ घट्ट, पक्का. ठार बहिरा म्हणजे ‘स्टोन-डेफ’. आपण त्याला ठार केला, त्यांनी दगड केला.

माझी आवडती जोडी नव्याकोऱ्याची. ‘ब्रँड-न्यू’ म्हणताना आपल्याला कंपनीचं नाव आठवतं. पण ब्रँड म्हणजे मुळात आग, जळतं लाकूड. लोहाराच्या भट्टीतून नुकतं निघालेलं, अजून धग असलेलं, ते ब्रँड-न्यू. आणि आपलं कोरं म्हणजे पाणी न लागलेलं कापड. येवल्यात मागावरून उतरलेली पैठणी कोरी असते. त्यांचा शब्द लोहाराकडून आला, आपला विणकराकडून. दोघांनी आपापल्या गावात जे पाहिलं, त्यातून नवेपणा सांगितला. मला हे फार सुंदर वाटतं.

आता भावनांकडे येऊ, कारण ‘व्हेरी’चा सर्वांत जास्त मार तिथेच बसतो. रागावणं, चिडणं, तणतणणं, धुसफुसणं, खवळणं, फुरंगटणं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा, माणूसच बदलतो. एखादी सून घरात काही बोलत नाही, ताटं वाढते, भांडी घासते, पण आतल्या आत खदखदत असते. तिला ‘व्हेरी अँग्री’ म्हटलं तर ती हातातून निसटते. तिच्यासाठी इंग्रजीत ‘सीद’ आहे. एस, डबल ई, टी, एच, ई. या क्रियापदाचा मूळ अर्थ उकळणं, शिजणं. म्हणजे चुलीवरचं भांडं त्यांनाही दिसलं आणि आपल्यालाही दिसलं. जाता जाता सांगतो, चिंब भिजलेल्याला ‘सॉडन’ म्हणतात, तो याच क्रियापदाचा जुना धागा आहे. मात्र कुणी आरडाओरडा करत असेल तर तिथे ‘सीद’ चालणार नाही. वाफ बाहेर पडली की खदखद संपली.

काळजी करणं म्हणजे ‘फ्रेट’. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता खाऊन टाकणं. पश्चात्ताप म्हणजे ‘रिमॉर्स’. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ पुन्हा चावणं. आणि आपण काय म्हणतो? काळजी माणसाला पोखरते. केलेली चूक मनाला खाते. हजारो मैलांवरच्या लोकांना मनाचं दुखणं दातांनीच सांगावंसं वाटलं. हे कळल्यावर पाठांतराची गरज उरते का?

काही ठिकाणी मात्र हात टेकावे लागतात, आणि ते प्रामाणिकपणे टेकावेत. ‘रुसणं’ घ्या. शब्दकोशात त्यासमोर ‘सल्क’ सापडेल. पण आपल्या रुसण्यात समोर कुणीतरी समजूत काढणारं असतंच, रुसणाऱ्याला ते माहीत असतं. सल्क करणारा एकटा तोंड फुगवून बसतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. मी मुलांना तो उलट्या कामासाठी वापरायला सांगतो. आपला एखादा ठसकेबाज शब्द काढा आणि एका इंग्रजी माणसाने तो समजावताना किती शब्द खर्च केले ते बघा. एक पुरत नाही म्हणून तो दुसरा देतो, तिसरा देतो. त्या रांगेत तुम्हाला हवा तो सापडतो.

पालकांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. समृद्ध शब्दसंग्रह म्हणजे लांबलचक शब्द नव्हेत. ‘बिगिन’ला ‘कमेन्स’, ‘यूज’ला ‘युटिलाइज’ केलं की इंग्रजी सुधारलं, असं सांगणारे बरेच भेटतात. ते खरं नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. मेंढरं राखणारे इंग्रजी बोलत, म्हणून रानात ‘शीप’. खाणारे फ्रेंच बोलत, म्हणून ताटात ‘मटन’. त्यावर पंडितांची लॅटिन येऊन बसली. म्हणून विचारण्याला तिथे तीन शब्द झाले : ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’. मराठीला हे नवं नाही. विचारणं घरचं, सवाल फारसी-अरबीतून आलेला, पृच्छा संस्कृत. आईला कुणी ‘जेवण झालं का, अशी पृच्छा करतो’ म्हणतं का? मग इंग्रजीत तरी का म्हणावं? खरी ताकद बहुतेक वेळा आखूड शब्दांत असते. ‘गल्प’ म्हणजे घटाघटा पिणं, ‘स्नॅच’ म्हणजे हिसकावणं, ‘ट्रज’ म्हणजे थकून पाय ओढत चालणं. ब्रह्मगिरीची फेरी संपत आली की आपण ‘वॉक’ करत नसतो, ‘ट्रज’ करत असतो.

समानार्थी शब्दांचे कोशही वापरा. रॉजे नावाच्या डॉक्टरने असा कोश १८५२ मध्ये काढला, तो अजून चालतो. पण तिथून शब्द उचलला की तो एखाद्या वाक्यात कसा वागतो हे आधी पाहा. चहा ‘स्ट्राँग’ असतो, पाऊस ‘हेवी’ असतो. उलट केलं तर ऐकणारा अडखळतो.

आणि वही ठेवा. दिवसाला एकच शब्द, पण त्याखालचं वाक्य आपल्या घरातलं हवं. पुस्तकातलं वाक्य उतरवायचं नाही.

निफाडकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती. कांद्याचा भाव पडला त्या दिवसावर तिने लिहिलं होतं, ‘माय फादर वॉज व्हेरी सॅड’. मी तिला विचारलं, वडील घरी आले तेव्हा तू कुठे होतीस? म्हणाली, ओट्यावर. काय पाहिलंस? म्हणाली, ते काहीच बोलले नाहीत, मटकन खाटेवर बसले. मी फळ्यावर ‘स्लम्प’ लिहिलं. बाजारभाव कोसळतो तोही स्लम्प, आणि अंगातलं बळ जाऊन माणूस मटकन बसतो तोही स्लम्प. ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग वही ओढून तिने आधीचं वाक्य खोडलं आणि दोन नवी लिहिली : ‘द प्राइस स्लम्प्ट. माय फादर स्लम्प्ट ऑन द कॉट.’