कंपनी वाचली, जबाबदारी कुठे गेली?

मंडळी, 2008-09 ला अमेरिकेने आपल्या मोटार कंपन्या सरकारी पैशातून वाचवल्या, ते तुम्हाला माहितीये, मंदी वगैरे परत सांगत नाही. मला बोलायचंय अटींवर, म्हणजे पैसा देताना मॅनेजमेंटकडून काय लिहून घ्यायचं. पण आधी विमानांचा किस्सा, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

नोव्हेंबर 2008. तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख, जनरल मोटर्सचे (म्हणजे जीएमचे) वॅगनर, फोर्डचे मुलाली, क्रायस्लरचे नार्डेली. 25 अब्ज डॉलर मागायला वॉशिंग्टनला गेले, आणि कसे, तर तिघं तीन वेगळ्या खासगी विमानांनी! अहो, शहर एक, काम एक, निदान एका विमानात तरी बसायचं! ब्रॅड शर्मन नावाच्या खासदाराने सरळ विचारलं, साध्या विमानाने कोण आलंय, हात वर करा. एकही हात नाही. मग विचारलं, विमान विकून साध्या विमानाने परत कोण जाणार? पुन्हा हात खालीच. हसताय तुम्ही, मीही हसलो होतो, पण त्या वर्षी एकट्या जीएमचा तोटा जवळपास 31 अब्ज डॉलर होता, म्हणून मला अजून राग येतो. डिसेंबरात तेच तिघं हायब्रिड गाड्यांतून पाचशे मैलांचा प्रवास करून आले. बरं केलं. (फोर्डने पुढे ही मदत घेतलीच नाही, ते त्यांच्या बाजूने सांगायला हवं.)

याच क्रायस्लरला 1979-80 ला दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाची सरकारी हमी मिळाली, तेव्हा कंपनीचे प्रमुख ली आयाकोकांनी आपला पगार वर्षाला 1 डॉलर केला, आणि 1983 मध्ये मुदतीच्या सात वर्षं आधी कर्ज फेडलं. मला तो माणूस फार आवडतो, त्याच्यावर तासभर बोलेन…

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. बरं, भरभर.

मार्च 2009 ला ओबामा सरकारने वॅगनरना जायला लावलं, 1 जूनला जीएम दिवाळखोरीत, 10 जुलैला नवी कंपनी बाहेर, सरकारचा हिस्सा 61 टक्क्यांच्या आसपास. नोकऱ्या वाचल्या, म्हणून मी बेलआउटच्या, म्हणजे सरकारी पैशातून कंपनी वाचवण्याच्या, विरोधात नाहीच. डिसेंबर 2013 ला सरकारने शेवटचे शेअर विकले, जीएममध्ये सुमारे 11 अब्ज बुडाले. नवे कामगार जुन्यांच्या जवळपास निम्म्या पगारावर राबत होते.

आणि दोनच महिन्यांत जीएमच्या इग्निशन स्विचचा, म्हणजे किल्लीने गाडी चालू-बंद करणाऱ्या स्विचचा रिकॉल, सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या! चालत्या गाडीत किल्ली सरकायची, इंजिन बंद, एअरबॅग उघडायची नाही. 124 मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. 2006 मध्येच स्विच बदलला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही. चौकशी अहवालात ‘जीएम सॅल्यूट’ आहे बघा, असा, हाताची घडी घालून दोन्ही बोटं दुसऱ्यांकडे, म्हणजे जबाबदार तो. वरचा एक माणूस काढला, पण खालची ही सवय तशीच राहिली, कारण तिच्याबद्दल अटच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं, मदतीच्या करारात दोन गोष्टी हव्यात. तोट्याच्या वर्षांत घेतलेला बोनस परत. आणि सुरक्षेच्या प्रत्येक निर्णयाखाली नावानिशी सही, जिची जबाबदारी दिवाळखोरीतही पुसली जाणार नाही, कारण नव्या जीएमने जुन्या अपघातांचे दावे दिवाळखोरीकडेच बोट दाखवून टाळायचा प्रयत्न केला होता.